कमवा की गमवा?

'घरबसल्या सर्व्हे भरा, महिन्याला हजारो कमवा!' हा मेसेज तुम्हालाही आलाच असेल. लंच टाइममध्ये, लोकलमध्ये लटकताना, नाहीतर बरोब्बर महिनाअखेरीला, खिसा रिकामा असताना! मोह होतो ना? मलाही झाला होता. म्हणून आधी आमच्या वरळी कोळीवाड्यातली गोष्ट सांगते. टिप्स नंतर.

२०११ चा एप्रिल. मी नुकतीच लोअर परळच्या एका ऑफिसात चिकटले होते. सी-लिंक सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती आणि आमच्या जेट्टीवर फोटो काढायला बाहेरची मंडळी यायला लागली होती. अशात एका संध्याकाळी माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, चक्क टाय लावून घरी आला. हातात चकचकीत फोल्डर. स्कीम सोपी होती. सहा हजार भरून मेंबर व्हायचं, दर आठवड्याला दोन सर्व्हे भरायचे, प्रत्येकी दीडशे रुपये मिळवायचे. वर नवा मेंबर आणला की पाचशे बोनस.

मी पगारातले सहा हजार काढून दिले. आत्याने तर दोन आयडी घेतले. आत्या बाजारात मासळी विकते. तिचे बारा हजार भिशीतले होते आणि पावसाळ्यात होडीच्या डागडुजीसाठी ठेवलेले होते. पावसाळ्यात दोनेक महिने मासेमारी बंद, त्यामुळे त्या दिवसांत घरात पैसा आला तर कोणाला नको होता?

आत्याचे सर्व्हे दादाच सायबर कॅफेत बसून भरायचा. 'कोणता शाम्पू वापरता?', 'टीव्ही किती वाजता बघता?' असले प्रश्न. एकदा आत्याने विचारलं, "माज्या शाम्पूचं कोनाला काय परलंय रं? त्याचे दीडशे रुपये कोन देतंय?"

आम्ही हसलो. खरं तर सगळ्या प्रकरणातला तो एकमेव शहाणा प्रश्न होता!

नऊ आठवडे पैसे वेळेवर आले. जूनच्या मध्यावर वेबसाइटवर 'मेन्टेनन्स सुरू आहे' अशी पाटी लागली, ती शेवटपर्यंत निघालीच नाही. आत्याचे बारा हजारांतले पाच हजार चारशे परत आले होते. उरलेले सहा हजार सहाशे बुडाले. पण खरा फटका दादाला बसला. त्याने आमच्या गल्लीतली अकरा घरं मेंबर केली होती. कोळीवाड्यात शेजारी म्हणजे कोणी मामा, कोणी काकी, कोणी लहानपणीचा दोस्त. कंपनीचा पत्ता कोणाकडे नव्हता, दादाचा पत्ता सगळ्यांकडे होता! त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत दादा दिसला नाही. गोल्फादेवीला जायचा तोही पहाटे, कोणी भेटू नये म्हणून.

दादाची कंपनी छोटी होती. पण त्याच उन्हाळ्यात अख्ख्या देशात ज्या नावाचा बोभाटा झाला, ते होतं 'स्पीक एशिया'. सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी. वर्षाचे ११,००० रुपये भरायचे, आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे वर्षाला ५२,०००! मे २०११ मध्ये टीव्हीवर तिच्यावर प्रश्नचिन्ह लागलं. ज्या मोठ्या कंपन्या आपल्या ग्राहक आहेत असं सांगितलं जात होतं, त्यांनी 'आमचा काही संबंध नाही' म्हणून हात वर केले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, अटका झाल्या. पुढे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनीही कारवाई केली, तेव्हा पोलिसांनी सांगितलेला आकडा होता सुमारे २४ लाख लोक आणि २,२०० कोटींहून जास्त रक्कम.

आता आत्याचा प्रश्न पुन्हा विचारू या. पैसे देतंय कोण? सर्व्हे विकत घेणारा खरा ग्राहकच नसेल, तर पैसे येतात नव्या मेंबरच्या फीमधून. एका माणसाला ५२,००० द्यायचे तर ११,००० भरणारे पाच जण हवेत. त्या पाचांना द्यायला २५, त्यांच्यासाठी १२५. कॅल्क्युलेटर घ्या आणि पाचाने गुणत जा. दहाव्या गुणाकाराला आकडा ९७ लाखांच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या होती सव्वा कोटीच्या आत! अकराव्या वेळी मेंबर आणणार कुठून? म्हणजे अशी स्कीम बंद पडते ती कोणाच्या बदनामीमुळे नव्हे, साध्या पाढ्यामुळे.

कायदाही काही नवा नाही. पैशांच्या अशा साखळी योजनांवर १९७८ पासून बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी पिरॅमिड स्कीमला साफ मनाई केली. पण कायदा येतो पैसे गेल्यावर, त्याआधी जागं राहायचं ते आपणच.

मग सर्व्हेचे पैसे मिळतच नाहीत का? मिळतात की! मार्केट रिसर्च हा खरा धंदा आहे. पण त्यात मिळतात पॉइंट्स, गिफ्ट व्हाउचर, फार तर चहा-वडापावचे पैसे. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स घ्या. दोन-चार प्रश्नांचे थोडेसे रुपये, तेही आपल्याकडे प्ले स्टोअरच्या क्रेडिटमध्ये. बऱ्याचदा तर अर्ध्यावरच 'तुम्ही या सर्व्हेत बसत नाही' म्हणून बाहेर काढतात. पॉकेटमनी म्हणा हवं तर, पगार नव्हे.

आता टाय आणि फोल्डर गेले, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम आले. आधी सर्व्हे किंवा हॉटेलला रेटिंग द्यायला सांगतात आणि शे-दीडशे रुपये खरंच खात्यात टाकतात. तो गळाला लावलेला चारा! मग येतो 'प्रीपेड टास्क'. हजार भरा, तेराशे घ्या. मग दहा हजार. स्क्रीनवर बॅलन्स फुगत जातो, पण काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा'.

तेव्हा बॉस, एवढं लक्षात ठेवा:

● काम करायला पैसे भरावे लागत असतील तर ते काम नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट, नाव काहीही असो.

● सर्व्हेपेक्षा मेंबर आणण्याचे पैसे जास्त? उठा आणि निघा.

● पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

● मतं विचारणाऱ्याला ओटीपी, कार्ड नंबर किंवा आधार-पॅनचे फोटो देऊ नका. स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप तर मुळीच टाकू नका.

● सर्व्हेसाठी वेगळा ई-मेल आयडी ठेवा.

● 'तुमचं खातं वापरू द्या, कमिशन घ्या' याला हो म्हणू नका. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला की पोलीस आधी तुमच्या दारात.

● फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचे नंबर जपून ठेवा.

आणि दादा? दोन वर्षं रात्रीची टॅक्सी चालवून त्याने अकराही घरांचे पैसे थोडे थोडे करून फेडले. त्याने ते घेतले नव्हते, तरी फेडले. आत्याचा नंबर शेवटचा. तिने नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. "मासली घेताना कल्ला उघडून बघतो ना आपण? कागद बघितलास, कल्ला नाय बघितलास," एवढंच म्हणाली आणि त्याच्या ताटात दोन बोंबील जास्त वाढले.

परवा गल्लीतल्या एका पोराच्या मोबाइलवर तसलाच मेसेज आला. 'दिवसाला तीन हजार, फक्त रेटिंग द्या.' पोरगा खुशीत होता. दादाने त्याला शेजारी बसवून घेतलं, मेसेज नीट वाचला आणि विचारलं, "पैसे देतंय कोण?"

पोराला उत्तर सुचेना. दादाने चहा मागवला आणि २०११ पासून सांगायला सुरुवात केली.