पळण्याची मात्राही हप्त्यानेच द्यावी



ऊस प्लॉटच्या पाहणीसाठी भल्या पहाटे निघालो की हल्ली गावोगाव पळणारी पोरं-पोरी भेटतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. राज्य राखीव पोलीस बलासाठी तर ५ किलोमीटर. या बलाचा गट क्रमांक ३ आपल्या जालन्यातच असल्याने आपल्याकडे ओढाही मोठा आहे. परंतु पळायला लागून तीन-चार आठवडे झाले की अनेकांची एकच तक्रार येते, "साहेब, गुडघा धरलाय." ज्या घरात दोन एकर ऊस आणि एका नोकरीची आशा आहे, तेथे तो गुडघा एकट्या पोराचा राहत नाही. म्हणून या अंकात उसाऐवजी थोडे गुडघ्याविषयी.

दुखते कशामुळे?

उसाला नत्राची सगळी मात्रा आपण एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के व मोठ्या बांधणीला ४० टक्के, असे चार हप्ते करतो. एकदम टाकलेले पिकाला घेता येत नाही. पळण्याचेही तसेच आहे. दम दोन-तीन आठवड्यांत वाढू लागतो, पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळ यायला काही महिने लागतात. दम आला म्हणून पोरगं रोज पाच-पाच किलोमीटर पळतं आणि वाटीभोवती किंवा नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं. जिना उतरताना, उकिडवे बसताना कळ येते.

"पळून पळून गुडघे झिजतात" असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ते खरे नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने पळणाऱ्या १०० जणांमागे तीन-चार जणांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. बैठे काम करणाऱ्यांत हेच प्रमाण १०० मागे सुमारे १० होते. दोष पळण्यात नाही, घाईत आहे.

काय करावे?

१) पहिले काही आठवडे एक दिवसाआड पळावे. एक मिनिट सावकाश पळणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस-पंचवीस मिनिटे. पुढे दर आठवड्याला अंतर साधारण दहाव्या हिश्श्याने वाढवावे.

२) पावले लांब टाकू नयेत. आखूड व भरभर टाकल्यास गुडघ्यावरचा भार कमी होतो.

३) आठवड्यातून दोन-तीनदा मांडी, पोटरी व कंबरेचा व्यायाम करावा. पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे बसणे. यास पैसा लागत नाही.

४) कालव्याकाठचा सपाट मुरमाचा रस्ता उत्तम. भेगाळलेल्या काळ्या रानात घोटा मुरगळतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावर अंधारात पळूच नये.

५) बूट पायाला नीट बसणारे असावेत. नवा जोड थेट चाचणीच्या दिवशी घालू नये.

६) मुलींनी पोटभर जेवावे. पळण्याच्या भरात जेवण तोडून पाळी बंद झाली, तर हाडे कमकुवत होतात. लाज न धरता डॉक्टरांना सांगावे.

केव्हा थांबावे?

थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबले, तर चालेल. पळणे कमी करावे. मात्र दुखणे रोज वाढत असेल, लंगडत चालावे लागत असेल, गुडघा सुजला वा अडकला, किंवा नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट लावताच कळ येत असेल, तर पळणे बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. सांधा गरम होऊन सुजला व ताप आला, तर त्याच दिवशी. गोळी वा इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे हा तर घातच. दुखणे झाकते, इजा वाढत राहते. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्या पोटाला बाधतात आणि अंगातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडालाही.

विश्रांतीने मेहनत वाया जात नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे शेतकरी कुटुंबातून सैन्यात गेला. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ ची आशियाई स्पर्धा त्याला हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यानेच सुवर्णपदक आणले.

तेव्हा पालकांना विनंती, की जाहिरात निघाल्यावर पोरांना पळायला लावू नका. लागणीआधी जशी रानाची मशागत करतो, तसे चार-सहा महिने अगोदर सुरू करा. आणि पोरगं "दुखतंय" म्हणालं तर त्याला कामचुकार समजू नका. आधी विचारा, या आठवड्यात किती पळालास?

— ऊस विकास अधिकारी