मेंदूतली गाठ चार दिवसांत विरघळली, मग आजार गेला का? लिम्फोमाची फसवी रूपं

समजा, धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यातल्या एका गावात साठीतले एक गृहस्थ आहेत. दोन महिन्यांपासून त्यांचं बोलणं कमी झालंय. बाजारात हिशेब चुकतो, सकाळी चहा घेतला की नाही हे आठवत नाही, दिवसभर पडून राहतात. घरचे म्हणतात, 'वय झालं'. शेजारी म्हणतात, 'मनाला लावून घेतलंय'. मग एके दिवशी फेफरं येतं, धावपळ करून त्यांना बार्शीला किंवा सोलापूरला नेलं जातं. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसते.

गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड सुरू होतं. चौथ्या दिवशी माणूस उठून बसतो, नातवंडांची नावं सांगतो. पुन्हा स्कॅन केला तर गाठ जवळजवळ दिसतच नाही. घरात आनंदीआनंद. पण मेंदूतला लिम्फोमा नेमका असाच वागतो.

लिम्फोमा मेंदूत कसा?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत, जांघेत गाठी येणं हे त्याचं ओळखीचं रूप. पण काही रुग्णांत तो फक्त मेंदू, मज्जारज्जू, त्यांच्यावरचं आवरण किंवा डोळ्यातच असतो. बाकी शरीरात काहीच सापडत नाही. मेंदूत सुरू होणाऱ्या शंभर गाठींपैकी तीन-चार अशा असतात, म्हणजे आजार दुर्मीळच. एचआयव्ही असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या लोकांना धोका जास्त, पण प्रतिकारशक्ती ठणठणीत असलेल्यांनाही तो होतो.

गाठ गायब होते, कारण...

मेंदूच्या इतर बहुतेक गाठींत स्टिरॉइडने फक्त सूज उतरते, गाठ जागेवरच राहते. लिम्फोमात मात्र स्टिरॉइड त्या पेशींनाच मारतं. म्हणून गाठ काही दिवसांत आकसते, कधी दिसेनाशी होते. डॉक्टर तिला 'घोस्ट ट्यूमर' म्हणतात, भुतासारखी गायब होणारी गाठ. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती परत येते, कधी त्याच जागी, कधी दुसरीकडेच.

मधल्या काळात बायोप्सी केली तर तुकड्यात मेलेल्या पेशी आणि सूज एवढंच सापडू शकतं. निदान हुकतं. त्यामुळे लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाच्या जीवाला तातडीचा धोका नसेल, तर बायोप्सी आधी आणि स्टिरॉइड नंतर असा क्रम न्यूरोसर्जन पाळतात. मेंदूवर दाब वाढून जीवच धोक्यात आला असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं. तिथे थांबून चालत नाही.

टीबीशी गल्लत का होते?

आपल्याकडे मेंदूत गाठ दिसली की पहिला संशय टीबीवर किंवा टेपवर्मच्या अळीवर जातो. तो चुकीचा नाही. हे आजार लिम्फोमापेक्षा कितीतरी जास्त आढळतात, आणि स्कॅनवर चित्र कधी कधी सारखंच दिसतं.

खरी मेख पुढे आहे. मेंदूच्या टीबीत टीबीच्या गोळ्यांसोबत बऱ्याचदा स्टिरॉइडही देतात. मूळ आजार लिम्फोमा असेल तरी रुग्णाला बरं वाटतं, आणि श्रेय मिळतं टीबीच्या गोळ्यांना. पुढे स्टिरॉइडचा डोस कमी होत जातो आणि त्रास परत सुरू होतो. आता आणखी एक गोंधळ : खऱ्या टीबीतही योग्य उपचार चालू असताना गाठ काही काळ वाढू शकते. म्हणून 'अजून थोडं थांबून बघू' असं म्हटलं जातं, आणि लिम्फोमात तेवढा वेळ हातात नसतो. उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा काही महिनेच जगतो.

इतर वेषांतरं

यातलं सर्वांत फसवं रूप डोळ्यातलं. धूसर दिसतं, नजरेसमोर ठिपके तरंगतात. मोतीबिंदू असेल म्हणून दुर्लक्ष होतं, नाहीतर डोळ्याच्या आतली सूज समजून थेंब दिले जातात. थोडा फरक पडतो, पुन्हा तेच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि औषधाला दाद न देणारी अशी सूज दिसली की नेत्रतज्ज्ञ डोळ्यातला द्रव तपासायला पाठवतात. डोळ्यात लिम्फोमा निघालेल्या बहुतेक रुग्णांत पुढे मेंदूतही तो आढळतो.

काहींच्या मेंदूत गाठ होतच नाही. कर्करोगाच्या पेशी मेंदूभर विखुरतात आणि काही आठवड्यांत स्मृतिभ्रंशासारखी अवस्था येते. एका प्रकारात पेशी बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात. मग ताप आणि पुन्हा पुन्हा छोटे पक्षाघात. कधी आजार मज्जातंतूंत पसरतो, तेव्हा पायात आग, कळा आणि वाढता अशक्तपणा. हे रुग्ण बरेच दिवस मणक्याचाच इलाज करत राहतात.

निदान आणि उपचार

कवटीला छोटं छिद्र पाडून सुईने तुकडा काढतात. पाठीतलं पाणी किंवा डोळ्यातला द्रव तपासून निदान झालं तर कधी त्याचीही गरज पडत नाही. एचआयव्हीची चाचणी आणि बाकी शरीराचा स्कॅन होतोच. इथे गाठ पूर्ण कापून काढणं हा मुख्य इलाज नाही. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, तेही खूप मोठ्या मात्रेत, म्हणजे ते मेंदूपर्यंत पोहोचतं. (हेच औषध अगदी छोट्या मात्रेत संधिवातालाही देतात.) वेळेत सुरू झालं तर अनेकांचा आजार आटोक्यात येतो, काही जण कित्येक वर्षं चांगले राहतात.

धाराशिवच्या रुग्णाला यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागू शकतं. मोठ्या मात्रेचं मेथोट्रेक्सेट देताना रुग्णाला दाखल करून घेतात, रक्तातली औषधाची पातळी मोजतात, किडनीवर लक्ष ठेवतात आणि उतारा म्हणून ल्युकोव्होरिन देतात. हे चक्र साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, असं काही महिने.

कर्करोगाच्या बाबतीत हा भाग तसा अनोळखी नाही. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987मध्ये सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी तालुक्याबरोबर परंडा आणि भूम हे धाराशिव जिल्ह्यातले दोन तालुकेही तिच्यात आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा याच जिल्ह्यात झालेला अभ्यास 2009मध्ये जगभर गाजला. पण तो कर्करोग तपासणी करून आधीच पकडता येतो. मेंदूच्या लिम्फोमासाठी अशी कोणतीही तपासणी मोहीम नाही. तो सापडतो तो फक्त कुणाला तरी शंका आली तर.

म्हणून मोठ्या दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्या, औषधांची रिकामी पाकिटं आणि स्कॅनच्या फिल्म सोबत न्याव्यात. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही. स्टिरॉइड कोणत्या तारखेला सुरू झालं आणि पहिला स्कॅन त्याआधीचा की नंतरचा, हे डॉक्टरांना आधी सांगावं. चालू असलेलं स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकदम थांबवलं तर सूज उसळते, रक्तदाब कोसळू शकतो.