फीड कमी केलं की काम साफ येतं?

निमोण्यातल्या दुकानाची अ‍ॅक्रिलिकची पाटी असो, नाहीतर शिरूर तालुक्यातल्याच रांजणगाव एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलवर लागणारी दोन रंगांची लेबलपट्टी, राउटरवर कोरताना अक्षरांच्या कडा वितळल्या की सल्ला ठरलेला, "फीड कमी कर." शीट बिघडते ती बहुतेक याच सल्ल्यामुळे.

अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि उष्णता पसरू देत नाही. टूल जोरात फिरतंय पण पुढे सावकाश सरकतंय, तेव्हा धार कापत नाही, नुसती घासते आणि ती उष्णता तिथेच साठते. कीस जाड निघाला तर तोच उष्णता घेऊन बाहेर पडतो. म्हणून आधी हिशेब करा: आरपीएम गुणिले टूलच्या धारा गुणिले दर धारेमागचा कीस. १८,००० आरपीएम, एक धार, ०.१ मिमी, म्हणजे फीड मिनिटाला १,८०० मिमी. मशीन एवढं पळत नसेल तर आरपीएम उतरवा. मग स्पिंडल थांबवून कीस चिमटीत धरा. कोरडा, सुटा असेल तर जमलं. टूलवर गोळा चिकटला असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तेच प्लास्टिक खाचेत थापलं जातं.

धारा जास्त तर फिनिश चांगलं, हेही इथे चालत नाही. एका धारेच्या ओ-फ्लूटमध्ये कीस निघायला मोकळी जागा मिळते. आणि लाकडावर झिजलेलं टूल प्लास्टिकला लावूच नये.

अ‍ॅक्रिलिक सगळं सारखंच, असं समजून स्वस्त शीट घेतली जाते. ती बहुधा एक्सट्रूडेड असते, लवकर मऊ होऊन चिकटते. कोरायला कास्ट शीटच मागावी.

अक्षरं कुठे जाड, कुठे बारीक आली की दोष मशीनला. पण ९० अंशांच्या व्ही-बिटची रेघ खोलीच्या दुप्पट रुंद असते. शीट ०.२ मिमी फुगली, तर रेघ ०.४ मिमीने रुंदावते. फक्त कोपरे आवळले की शीट मध्ये फुगतेच. खालचा बोर्ड आधी सपाट करून घ्यावा आणि शीट दुहेरी टेपने पूर्ण चिकटवावी.

शेवटी थिनरने पुसण्याची सवय मात्र फार महागात पडते. कोरलेल्या कडांमध्ये ताण असतो. थिनर किंवा स्पिरिट लागलं की बारीक तडे धावतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

लेझर आल्यावर राउटर कशाला, असंही विचारतात. पीव्हीसीची फोमशीट लेझरखाली धरली तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; तो फुप्फुसांना घातक आणि मशीनही गंजवतो. ती शीट राउटरवरच कोरावी.