जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाची विभागीय अधिवेशने

जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका (अमेरिकेची भूवैज्ञानिक संस्था) या संस्थेचे विभाग दरवर्षी आपापल्या प्रदेशात जी अधिवेशने भरवतात, त्यांना विभागीय अधिवेशने असे म्हणतात. शोधनिबंधांचे वाचन, भूवैज्ञानिक क्षेत्रसहली, लघु अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांसाठीचे मार्गदर्शन ही त्यांची चार प्रमुख अंगे होत. संस्थेच्या वार्षिक राष्ट्रीय अधिवेशनापेक्षा ही अधिवेशने आकाराने लहान असतात. अनेक विद्यार्थी आपले पहिले संशोधन येथेच सादर करतात.

पार्श्वभूमी

संस्थेची स्थापना १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे झाली. तिचे मुख्यालय कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे आहे. खंडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे खर्चाचे व वेळखाऊ असल्यामुळे दूरच्या सभासदांसाठी प्रादेशिक विभागांची आवश्यकता भासू लागली. पश्चिम किनाऱ्यावरील कॉर्डिलेरन विभाग हा त्यांतील सर्वांत जुना होय. पुढे रॉकी माउंटन, दक्षिण-मध्य, उत्तर-मध्य, ईशान्य आणि आग्नेय असे विभाग निर्माण झाले. काही वर्षी दोन शेजारचे विभाग संयुक्त अधिवेशन भरवतात.

अधिवेशने साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात होतात. यजमानपद बहुधा त्या प्रदेशातील एखाद्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाकडे किंवा राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडे असते. त्यामुळे सहलींचे नेतृत्व त्या भागात वर्षानुवर्षे काम केलेल्या अभ्यासकांकडे येते.

क्षेत्रसहली

क्षेत्रसहली अधिवेशनाच्या आधी किंवा नंतर काढल्या जातात. त्या अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवसांपर्यंतच्या असतात. प्रत्येक सहलीसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली जाते. तीत थांब्यांचा क्रम, अंतरे, नकाशे, स्तरांचे छेद आणि प्रत्येक दृश्यांशाचे (जमिनीवर उघड्या पडलेल्या खडकाचे) वर्णन असते. रस्ता रुंद केल्यामुळे किंवा खाण बुजवल्यामुळे एखादा दृश्यांश नाहीसा झाला, तर जुनी पुस्तिका हीच त्याची नोंद उरते.

सहलींचे विषय विभागाच्या भूरचनेवर अवलंबून असतात. कॉर्डिलेरन विभागाच्या प्रदेशात सॅन अँड्रियास विभंग येतो, तर रॉकी माउंटन विभागात डेन्व्हरजवळील डायनोसॉरच्या पाऊलखुणा असलेले खडक येतात. दक्षिण-मध्य विभागात टेक्सासमधील एन्चँटेड रॉक हा १०० कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी घुमट आहे. ईशान्य विभागात ॲपालॅशियन पर्वतातील घड्या व हिमनद्यांचे निक्षेप पाहता येतात. उत्तर-मध्य विभागातील सुपीरिअर सरोवराच्या काठी सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे बेसाल्ट लाव्ह्याचे थर आहेत. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्यांनी व्यापला आहे ते दख्खनचे लाव्हा थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दोन्हींच्या वयात मोठे अंतर असले, तरी थरांमागून थर साचण्याची प्रक्रिया बऱ्याच अंशी सारखी असल्याने त्यांचा तुलनात्मक अभ्यास केला जातो.

अमेरिकेत प्रादेशिक सहलींची याहूनही स्वतंत्र परंपरा आहे. विल्यम मॉरिस डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेली न्यू इंग्लंड आंतरमहाविद्यालयीन भूवैज्ञानिक परिषद ही मुख्यतः सहलींचीच परिषद आहे. १९३४ पासून चालू असलेल्या ‘फ्रेंड्स ऑफ द प्लाइस्टोसीन’ या अनौपचारिक गटाचे स्वरूपही असेच आहे.

प्रत्यक्ष पाहणीचे महत्त्व

सहलींना अधिवेशनात एवढे स्थान का, हे वॉशिंग्टन राज्यातील चॅनेल्ड स्कॅबलँड्स या प्रदेशाच्या इतिहासावरून समजते. शिकागो विद्यापीठातील जे हारलेन ब्रेट्झ यांनी विद्यार्थ्यांसह केलेल्या पाहणीनंतर १९२३ मध्ये असे मत मांडले की, बेसाल्टमध्ये खोदलेल्या येथील कोरड्या दऱ्या, प्राचीन धबधब्यांचे कडे व प्रचंड खळगे एका महापुराने अल्पावधीत निर्माण केले. भूरूपे संथ प्रक्रियांनी घडतात, या त्या काळच्या रूढ धारणेला हे मत छेद देणारे होते. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथील सभेत त्यावर कठोर टीका झाली. टीकाकारांपैकी अनेकांनी तो प्रदेश पाहिलेला नव्हता. एवढे पाणी आले कोठून, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ब्रेट्झ यांच्याकडेही तेव्हा नव्हते.

जोसेफ पार्डी यांनी १९४२ मध्ये माँटॅना राज्यातील प्राचीन मिझूला सरोवराच्या तळावरील महाकाय तरंगचिन्हांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिमनदीचा बांध फुटून ते सरोवर वेगाने रिकामे झाले होते, असे त्यावरून दिसून आले. १९६५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्षेत्रसहलीत अनेक देशांच्या अभ्यासकांनी हा प्रदेश पाहिला आणि आपल्याला महापुराचे मत पटल्याची तार ब्रेट्झ यांना पाठवली. १९७९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांना संस्थेचे सर्वोच्च मानले जाणारे पेनरोझ पदक मिळाले. असा पूर एकदा नव्हे, तर अनेकदा आला, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले.

लघु अभ्यासक्रम

लघु अभ्यासक्रम बहुधा अर्ध्या किंवा एका दिवसाचे असतात. भौगोलिक माहिती प्रणाली, ड्रोनद्वारे नकाशांकन, भूजलाच्या प्रतिमानांची रचना, संशोधनलेखन, शालेय शिक्षकांसाठी भूविज्ञानाचे अध्यापन असे त्यांचे विषय असतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत भूवैज्ञानिक म्हणून व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. त्यासाठीच्या परीक्षेचे मूलतत्त्वे व व्यवसाय असे दोन भाग आहेत. त्यामुळे परीक्षेच्या तयारीचे मार्गदर्शनही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

विद्यार्थ्यांसाठी संधी

विद्यार्थ्यांना तोंडी निबंध किंवा भित्तिपत्र यांच्याद्वारे संशोधन सादर करता येते. त्यासाठी गोषवारा आगाऊ पाठवावा लागतो. भित्तिपत्राशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची असल्याने, सभागृहात बोलण्याचा सराव नसलेल्यांना हा प्रकार अधिक सोयीचा वाटतो. उत्कृष्ट सादरीकरणांना पारितोषिके दिली जातात. प्रवासासाठी विभागाकडून अनुदान मिळू शकते. तसेच स्वयंसेवक म्हणून काही तास काम करणाऱ्यांना शुल्कात सवलत मिळते.

रॉय श्लेमन यांच्या नावाने चालणारा उपयोजित भूविज्ञानाचा मार्गदर्शन कार्यक्रम आणि जॉन मान यांच्या नावाने चालणारा उपयोजित जलभूविज्ञानाचा कार्यक्रम यांत दुपारच्या भोजनाच्या वेळी विद्यार्थी व व्यावसायिक यांची भेट घडवली जाते. खनिकर्म, पर्यावरण सल्ला, भूजल, शासकीय सर्वेक्षण इत्यादी क्षेत्रांत प्रत्यक्ष काम कसे चालते, नोकरी कशी शोधावी, याची चर्चा तेथे होते. प्राध्यापकांखेरीज अन्य भूवैज्ञानिकांशी ज्यांचा कधी परिचय झालेला नसतो, त्यांना या भेटींचा विशेष लाभ होतो.

संशोधनासाठी संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना स्वतंत्र अनुदाने देते. रिचर्ड पेनरोझ यांनी १९३१ मध्ये मृत्युपत्राद्वारे दिलेल्या सुमारे ४० लाख डॉलरच्या देणगीमुळे संस्थेची आर्थिक बाजू भक्कम झाली होती.

अडचणी व उपाय

क्षेत्रकार्य हा भूविज्ञानाच्या शिक्षणाचा कणा मानला जात असला, तरी तो सर्वांच्या आवाक्यात नसतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीसाठी काही आठवड्यांचे उन्हाळी क्षेत्रशिबिर करावे लागते. त्याचा खर्च, त्या काळात बुडणारी मजुरी, बूट व तंबू यांसारखे साहित्य आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे काही विद्यार्थी मागे पडतात. जवळच्या शहरातील अधिवेशनाची एक दिवसाची सहल हा त्यांच्यासाठी तुलनेने स्वस्त पर्याय असतो. मात्र ती पूर्ण शिबिराची जागा घेऊ शकत नाही.

चालण्यास, पाहण्यास किंवा ऐकण्यास अडचण असलेल्यांसाठी वेगळे नियोजन करावे लागते. संस्थेच्या २०१४ मधील व्हँकूवर येथील वार्षिक अधिवेशनात अपंग विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यासाठी सर्वांना सहभागी होता येईल अशी सहल आखण्यात आली होती. रस्त्यालगतचे थांबे व चाकाच्या खुर्चीला योग्य वाहन निवडल्यास शिकण्याचा गाभा कायम ठेवता येतो, हा अशा सहलींमागील विचार आहे.

सुरक्षितता व दृश्यांशांचे जतन

महामार्गालगतच्या कापलेल्या कड्यांजवळ वाहनांचा व घसरणाऱ्या दगडांचा धोका असतो. त्यामुळे शिरस्त्राण व ठळक रंगाचे जाकीट घालणे आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी न थांबणे ही दक्षता घेतली जाते. खाजगी जमिनीवर जाण्यासाठी मालकाची अनुमती आधी घ्यावी लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय खडक किंवा जीवाश्म गोळा करण्यास मनाई आहे. पुन्हापुन्हा हातोडा मारल्यामुळे प्रसिद्ध दृश्यांश विद्रूप होतात. म्हणून अशा ठिकाणी नमुने न घेता छायाचित्रे, रेखाटने व मोजमापे यांवर भर दिला जातो.