साहेब गेले, पण पेन्शनचं काय?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात येऊन गेला असेल. मोठा पोलीस अधिकारी वादात सापडतो, टीव्हीवर आठवडाभर चर्चा रंगते, आणि मग तो शांतपणे रिटायर होतो. मग त्याची पेन्शन बंद होते का?

छोटं उत्तर: नुसत्या टीकेने पेन्शनचा एक रुपयाही कमी होत नाही. पेन्शनला हात लावायचा तर कागद लागतो, आणि त्या कागदावरची तारीख सगळ्यात महत्त्वाची असते.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. मार्च २०२१. अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांना अटक केली. चारच दिवसांत पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांची होमगार्डला बदली झाली. मग त्यांचं ते गाजलेलं पत्र आलं: गृहमंत्री अनिल देशमुख महिन्याला १०० कोटींची वसुली करायला सांगतात, असा आरोप. देशमुखांनी तो फेटाळला, पण एप्रिलमध्ये राजीनामा दिला. पुढे सिंग यांच्यावरही खंडणीचे गुन्हे दाखल झाले. त्यांनीही आरोप नाकारले.

आता दोघांच्या नोकरीचं काय झालं बघा. वाझे मे २०२१ मध्ये बडतर्फ झाले. घटनेच्या कलम ३११ मधली एक तरतूद वापरली गेली. चौकशी घेणं व्यवहार्य नसेल, तर तसं लेखी कारण देऊन थेट काढता येतं. सिंग डिसेंबर २०२१ मध्ये निलंबित झाले आणि ३० जून २०२२ ला निवृत्त झाले. तोवर सरकारही बदललं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यावरची खात्यांतर्गत कारवाई मागे घेतली आणि निलंबनाचा काळ ड्युटीवर असल्यासारखा धरला.

दोघांवरचे आरोप वेगळे होते, त्यामुळे शिक्षेची तुलना करण्यात अर्थ नाही. पण रस्ता किती वेगळा आहे ते बघा. वाझेंचा आदेश मुंबईच्या आयुक्तांनीच काढला. आयपीएस अधिकाऱ्याची नेमणूक मात्र राष्ट्रपतींच्या नावे होते. राज्य सरकार त्याला निलंबित करू शकतं, चौकशी लावू शकतं. नोकरीवरून काढायचं असेल तर निर्णय केंद्राचा, आणि त्यात यूपीएससीचा सल्ला घ्यावा लागतो. फाईल मुंबईहून दिल्लीला जाते, आणि कॅलेंडर काही थांबत नाही.

कॅलेंडर इतकं का महत्त्वाचं? २००४ च्या आधी सेवेत आलेल्या आयपीएस अधिकाऱ्यांना १९५८ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. बडतर्फ झालात, तर पेन्शन जाते. सक्तीने निवृत्त केलं, तर पेन्शन जातेच असं नाही. निवृत्तीच्या आधी आरोपपत्र हातात पडलं असेल, तर चौकशी नंतरही चालू राहते. तोवर तात्पुरती पेन्शन मिळते आणि ग्रॅच्युइटी अडकते. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं, तर केंद्र पेन्शन कापू शकतं. पण नोकरीत असताना आरोपपत्रच दिलं नसेल तर? मग खात्याची चौकशी सुरू करायला केंद्राची परवानगी लागते, आणि घटना ४ वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. म्हणजे आधी वेळकाढूपणा केला की पुढे दार आपोआप बंद!

याची किंमत कोण मोजतं? हरियाणाचे माजी पोलीस महासंचालक एस. पी. एस. राठोड आठवतात? १९९० मध्ये एका १४ वर्षांच्या टेनिसपटू मुलीच्या विनयभंगाचा त्यांच्यावर आरोप झाला. त्याच वर्षी वरिष्ठांच्या चौकशीत गुन्हा नोंदवावा असा निष्कर्ष निघाला. गुन्हा नोंदला गेला १९९९ मध्ये. मधल्या काळात त्या मुलीने आत्महत्या केली, आणि राठोड पोलीस दलाच्या सर्वोच्च पदावर पोचले. ते २००२ मध्ये निवृत्त झाले, दोषी ठरले २००९ मध्ये. पोलीस पदक काढून घेतलं गेलं ते त्यानंतर. एवढ्या उशिरा झालेल्या कारवाईने त्या घरच्यांना काय मिळालं?

मग टीका झाली की लगेच पेन्शन रोखावी का? थांबा. सरकार बदललं की अधिकाऱ्याचं नशीब बदलतं, हे आपण आत्ताच पाहिलं. पेन्शन मंत्र्याच्या मर्जीवर सोडली, तर मंत्र्याला ‘नाही’ म्हणणारा अधिकारी आधी बळी जाईल. म्हणूनच सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये झारखंडच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं: पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. कायद्याच्या आधाराशिवाय ती अडवता येत नाही.

थोडक्यात, नियम कमी आहेत असं नाही. गोम आहे ती वेळेत आणि पारदर्शकतेत. आरटीआय टाकून विचारू म्हणाल, तर तिथेही अडतं. कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो आणि शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, मोठं जनहित दाखवलं तरच ती मिळेल, असं सुप्रीम कोर्टानेच २०१२ मध्ये म्हटलंय. त्यामुळे चौकशी लटकली की बंद झाली, हे बाहेर कळतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘साहेबांना हटवलं’ अशी बातमी आली, की बदली, निलंबन आणि बडतर्फी यातलं नेमकं काय झालंय ते आधी बघा. आणि आपल्या आमदाराला एकच प्रश्न विचारा: निवृत्तीच्या तारखेआधी आरोपपत्र दिलं का? विधानसभेत त्याचं उत्तर मागता येतं.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरात कोणी पोलीस खात्यात असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. त्यांचं मत काय पडतं, तेही कळवा.