मद्रासच्या मोबदल्यात गेलेला किल्ला : व्यापारी-सेनापती विल्यम पेपरेल

केप ब्रेटन बेटावरील लुईसबर्ग हा फ्रेंचांचा बलाढ्य किल्ला १७४५ मध्ये पडला. त्याला वेढा घालणाऱ्या सुमारे ४,००० जणांत बहुतेक न्यू इंग्लंडमधील शेतकरी, कोळी आणि कारागीर होते. त्यांचा सेनापती विल्यम पेपरेल हाही पेशाने व्यापारी होता.

१६९६ मध्ये आजच्या मेन राज्यातील किटरी येथे जन्मलेल्या पेपरेलने मासळी, इमारती लाकूड आणि जहाजबांधणी या वडिलोपार्जित व्यवसायांचा मोठा विस्तार केला. या वैभवात गुलामांचे श्रमही होते, हे विसरता येत नाही. स्थानिक पथकाचा तो कर्नल होता खरा. पण वेढ्याचा अनुभव शून्य. तरीही गव्हर्नर विल्यम शर्ली यांनी त्याचीच निवड केली. पगारी शिस्त न जाणणारी माणसे ओळखीच्या, विश्वासातल्या माणसामागेच जातील, हा हिशेब अचूक ठरला.

समुद्राकडून कमोडोर पीटर वॉरन यांच्या आरमाराने नाकेबंदी केली. जमिनीवर मात्र दलदल होती आणि तोफांची चाके तीत रुतत. तेव्हा लाकडी घसरगाड्यांवर तोफा चढवून माणसांनीच त्या दोरांनी ओढल्या. फ्रेंचांनी घाईने सोडलेल्या एका तोफखान्यातील निकामी केलेल्या तोफा दुरुस्त करून त्यांच्यावरच रोखण्यात आल्या. सुमारे सात आठवड्यांत किल्ला शरण आला. लढाईत पडले त्याहून कितीतरी अधिक सैनिक पुढच्या हिवाळ्यात तेथेच रोगराईने मेले.

पेपरेलला १७४६ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीला असा मान प्रथमच लाभत होता.

त्याच वर्षी मॉरिशसचा फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने याने मद्रास जिंकले. १७४८ च्या तहात फ्रान्सने मद्रास आणि नेदरलँड्समधील जिंकलेला मुलूख सोडला, इंग्लंडने लुईसबर्ग परत केले. लंडनच्या दृष्टीने हा सरळ व्यवहार होता. ज्यांची माणसे त्या तटाखाली पुरली होती, त्या न्यू इंग्लंडला तो विश्वासघात वाटला. मोहिमेचा खर्च ब्रिटनने पुढे चांदीच्या नाण्यांत भरून दिला, पण रोष शमला नाही.

पेपरेल १७५९ मध्ये वारला. त्याच्या नातवाने स्वातंत्र्ययुद्धात राजाची बाजू घेतली आणि घराण्याची विस्तीर्ण मालमत्ता जप्त झाली.