प्रतिपिंडांची साक्ष

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण निर्विघ्न पार पडून रुग्ण घरी परतला आणि मूत्रपिंडाचे काम दाखविणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा स्थिर राहिला, की आमच्या जबलपुरातील मराठी घरांत 'सुटलो एकदाचे' असा निःश्वास टाकला जातो. तो स्वाभाविक असला, तरी क्रिएटिनिन हा विलंबाने हजर होणारा साक्षीदार आहे, आणि त्याची जबानी सुरू होईपर्यंत मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भरून न येणारी हानी पुष्कळदा होऊन चुकलेली असते. त्याच्या आधी, कधी महिनोन्महिने तर कधी वर्षानुवर्षे आधी, दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात अवतरतात, आणि खरा शोध घ्यावयाचा तो त्यांचाच.

ही प्रतिपिंडे मुख्यतः ज्यांच्यावर चाल करून येतात, ती एचएलए नावाची प्रथिने आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर, निम्मी मातेकडून आणि निम्मी पित्याकडून आलेली, म्हणून सख्ख्या भावंडांतही ती संपूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक इतकाच. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, ते दाता आणि रुग्ण एकरूप जुळे भाऊ असल्यामुळे; प्रतिकारयंत्रणेला परके असे तेथे काही आढळलेच नाही.

ते भाग्य इतरांच्या वाट्याला यावयाचे नाही, हे १९६९ साली पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी आकड्यांनिशी दाखविले. दात्याच्या लिम्फोसाइट पेशी रुग्णाच्या थेंबभर सीरममध्ये सोडावयाच्या, पूरक प्रथिने घालावयाची, आणि मग रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे: प्रतिपिंडे हजर असतील तर पेशी मरतात आणि मेलेली पेशी रंग शोषून घेते. त्यांच्या २२५ प्रत्यारोपणांपैकी ज्या ३० रुग्णांत ही चाचणी प्रतिकूल होती त्यांतील २४ मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली, तर अनुकूल ठरलेल्या १९५ पैकी केवळ ८. आज एकेका एचएलए प्रथिनाचा लेप दिलेल्या सूक्ष्म रंगीत मण्यांवर तेच सीरम तपासले जाते, आणि कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड किती प्रमाणात आहे हे लेसरच्या प्रकाशात वाचता येते.

ही प्रतिपिंडे येतात कोठून? पूर्वीच्या रक्तसंक्रमणातून, पूर्वीच्या प्रत्यारोपणातून, आणि गर्भारपणातून. अर्भकाची निम्मी प्रथिने पित्याची असल्याने मातेचे शरीर त्यांच्याविरुद्ध सिद्ध होते आणि ती स्मृती दीर्घकाळ जपते. सबब, पुढे त्याच स्त्रीचे मूत्रपिंड निकामी होऊन पती आपले देऊ करतो, तेव्हा त्या दानाला तिचे स्वतःचे रक्तच नाकबूल होण्याचा धोका असतो. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आपल्या देशात स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. अशा स्थितीत जी स्त्री स्वतः रुग्ण होते, तिच्या वाटेतला हा अडसर मला विशेष क्लेशदायक वाटतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करण्यास जी मुभा मिळाली, ती अशा स्त्रियांसाठी मोठाच आधार आहे. प्रतिपिंडांचा हा धोका जोखताना गर्भपातही प्रसूतींसारखाच मोजावयाचा असतो. संकोचापोटी तो डॉक्टरांपासून दडवू नये.

परंतु प्रतिपिंडे शस्त्रक्रियेनंतर नव्यानेही निर्माण होतात. कॅनडातील विनिपेग येथील ३१५ रुग्णांच्या २०१२ च्या पाहणीत सुमारे १५ टक्क्यांत ती, सरासरी साडेचार वर्षांनी, उद्भवली. त्यांपैकी ५७ टक्क्यांचीच मूत्रपिंडे दहा वर्षे टिकली, इतरांची मात्र ९६ टक्के. आणि प्रतिपिंडे उद्भवण्याच्या प्रमुख कारणांत औषधे चुकविणे हे होते. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी मोजण्यासाठी सकाळची गोळी न घेता, ती खिशात ठेवूनच प्रयोगशाळेत जावे लागते आणि रक्त दिल्यावर ती घ्यावयाची असते. हा नेम दोन-चार महिने पाळणारे पुष्कळ, वर्षानुवर्षे पाळणारे थोडे. शस्त्रक्रिया नागपुरात वा अन्यत्र झालेली, पुढची देखरेख जबलपुरात, आणि मधल्या काळात गोळ्यांचा मासिक खर्च असह्य होऊन मात्रा गुपचूप कमी केलेली, असे प्रकार घडतात. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या दीर्घकालीन अस्वीकारावर, रक्तद्रवाची अदलाबदल आणि इम्युनोग्लोब्युलिन यांचा प्रयोग होत असला, तरी खात्रीचा इलाज अद्याप हाती नाही. म्हणून सरकारी वा धर्मादाय मदत शस्त्रक्रियेच्या दिवसापाशी न थांबता या गोळ्यांचा आणि नियतकालिक प्रतिपिंड-चाचणीचा भार उचलील, तरच दात्याने दिलेले मूत्रपिंड रुग्णाच्या देहात दीर्घकाळ टिकण्याचा संभव वाढेल.